धबधबा हायक + लोकल फूड टेस्टिंग, एका दिवसाची गाइडेड ट्रिप (सातारा). घ्यावी का?

मृण्मयी_गोडोली

नमस्कार मंडळी. जुलैमधे नणंद, तिचे मिस्टर आणि दोन मुलं (एक कॉलेजात, एक नववीत) नागपूरहून येतायत. शिवाय आम्ही तिघं आणि सासूबाई. नणंदेने इन्स्टावर एका ग्रुपची जाहिरात बघितलीय, सकाळी पुण्याहून बस, साताऱ्यात आपल्याला उचलणार, मग ठोसेघर, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या, भांबवलीचा वजराई धबधबा, कास, आणि मधे "लोकल फूड टेस्टिंग" म्हणून बारा पदार्थ, शेवटी पेढे, सगळं मिळून माणशी दोन हजाराच्या आतबाहेर. मी साताऱ्यातच वाढले पण खरं सांगू का, भांबवलीला मी अजून गेलेलीच नाहीये, लहानपणी आमचं आपलं यवतेश्वर आणि फार तर कास तलाव, त्यामुळे मला ठामपणे नाही पण म्हणता येईना आणि हो पण. कुणी अशा ट्रिपला गेलंय का? सासूबाईंना झेपेल का? गुडघे बेताचे आहेत, उत्साह भरपूर.

भटक्या_सुन्या

एका दिवसात ठोसेघर आणि भांबवली दोन्ही?? नकाशा बघितलाय का त्या लोकांनी. ठोसेघर सज्जनगडच्या रस्त्याला, भांबवली कासच्या पुढं, म्हणजे एकीकडून दुसरीकडं जायचं तर परत खाली साताऱ्यात उतरायचं आणि यवतेश्वरचा घाट चढायचा. त्यात पुण्याहून येणारी बस, शनिवार-रविवारचं ट्रॅफिक, धुकं. दिवसभर बसच्या खिडकीतून पाऊस बघायचाय त्यांना. हायक कुठंय यात?

राजधानी_सातारा

+१ सुन्या. ठोसेघरला तर हायक म्हणण्यासारखं काही नाहीच, पायऱ्या आणि पायवाट, समोर गॅलरी, तिथून बघायचं. दिसतो मात्र नाद, खाली दरीत धार पडताना बघून पोटात गोळा येतो. पण चालणं किती, तर नाष्टा पण जिरणार नाही.

कृष्णाकाठ

बारा पदार्थ कुठले ते टाका की ताई.

मृण्मयी_गोडोली

घ्या, जाहिरातीतूनच उतरवते: नाचणीची भाकरी, बाजरीची भाकरी, झुणका, खर्डा, वाघ्या घेवड्याची उसळ, मासवडी, हुलग्याचं माडगं, आख्खा मसूर, रानभाजी ("सीझनल"), तांबडा-पांढरा रस्सा, सोलकढी, कंदी पेढा.

कृष्णाकाठ

हाहाहा. सोलकढी! साताऱ्याची! आणि तांबडा-पांढरा कोल्हापूरचा उचलून आणलाय, मासवडी जुन्नर-नारायणगाव साइडची. बसमधल्या माणसाला काय कळतंय म्हणून ताटात सगळा महाराष्ट्र.

शाहूपुरीच्या_काकू

मी सहसा फक्त वाचते पण इथे लिहायलाच पाहिजे. मुली, आपल्या जिल्ह्यात दोन वेगळी स्वयंपाकघरं आहेत हे आधी त्या पाहुण्यांना सांग. पश्चिमेला महाबळेश्वरला पाऊस पडतो ५००० मिलिमीटरच्या वर आणि पूर्वेला माण-खटावला ५०० च्या आसपास, एकाच जिल्ह्यात. मग जेवण एक कसं असेल? वर डोंगरात नाचणी, वरी, भात, पावसाळ्यात रानभाज्या, ओढ्यातले खेकडे. खाली माणदेशात ज्वारी-बाजरी, मटकी, हुलगा. माडगं हे त्या कोरड्या भागातलं, माझं माहेर म्हसवडकडचं, आजारी माणसाला आणि थंडीत सकाळी माडगं प्यायला द्यायचे, हुलग्याचं पीठ, लसूण, जिरं, गरम गरम. ते धबधब्याखाली कशाला आणलं कोण जाणे. वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय पण तो कोरेगाव भागातला, कासच्या सड्यावर (खडकाळ पठारावर) घेवड्याचं शेत दाखव मला कुणीतरी.

माझं म्हणणं एवढंच, की ज्या डोंगरात चालायला जाताय त्या डोंगरातल्या घरात जे त्या दिवशी शिजलंय तेवढंच खा. तीन पदार्थ असले तरी चालतील. बारा वाट्या मांडल्या की एकाचीही चव लक्षात राहत नाही, बुफेसारखं होतं.

अनघा_पुणे

काकू लिहीत जा हो!! 

मी अशाच एका ट्रिपला गेलेले, नाव सांगत नाही. बाकी सगळं ठीक होतं, पोरं मजेशीर होती, पण "व्हिलेज लंच" म्हणून हायवेच्या जवळच्या एका हॉलमधे नेलं, भाकऱ्या कॅसरोलमधून आल्या, गार आणि कडक. खर्डा मिक्सरमधला, पाणी सुटलेला. आणि जेवण आधी, चालणं नंतर! पोटभर जेवून चढायला लावलं, अर्धी बस धापा टाकत होती. क्रम तरी धड ठेवा.

कासपठारी

राम राम. मी कास भागातलाच हाय, सीझनला पाहुण्यांना भांबवली, एकीव, केळवली अशा साईडला घेऊन जातो, म्हंजे गाईडच म्हणा. जाहिरात करायला लिहीत न्हाई, नंबर बी देणार न्हाई, निवांत वाचा.

मोठ्या बसवाल्यांचं गणित असं असतंय की पन्नास माणसं एका येळंला जेवली पाहिजेत. आमच्या गावात एका घरात पन्नास जणांच्या भाकऱ्या होत न्हाईत ओ. आठ-धा जणांच्या होत्यात. मग ते हॉलवर जात्यात. आन गाईड म्हणून जो पोरगा येतो तो पुण्याचाच, त्याला पायवाट ठावी असती पण पाणी ठावं नसतंय. पाणी म्हंजे काय सांगतो. आमच्या वरच्या सड्यावर जांभा दगड, माती इतभर पण न्हाई. वर पाऊस पडला की मुरत न्हाई, सगळं सरळ ओढ्याला येतंय. तुम्ही खाली हुबं हाय, डोक्यावर ऊन पडलंय, फोटो काढताय, आन वर सड्यावर ढग रिकामा झालाय. धा-पंधरा मिनिटांत ओढा बदलतो. आधी पाण्याचा रंग चहासारखा व्हतो, मग काड्या, पाचोळा, फेस वाहून यायला लागतो, आवाज जड व्हतो. हे तीन दिसलं की मी पाहुण्याला इचारत न्हाई, हाताला धरून वर काढतो. लोकं चिडत्यात, "अरे पाच मिनिट अजून". चिडू दे.

गाइडचं काम हे हाय. रस्ता काय, बोर्ड लावलेत.

भटक्या_सुन्या

टाळ्या. हा प्रतिसाद वर पिन करा रे कुणीतरी.

केळवलीच्या धबधब्याबद्दल पण सांगा लोकांना, कुंड दिसतं शांत पण उतरायचं नाही. दर पावसाळ्यात बातमी असतेच.

कासपठारी

व्हय. कुंडात उतरायचंच न्हाई. पोहता येतंय का न्हाई हा इषयच न्हाई, वरून पडणारं पाणी खाली दाबतंय आन कडंचा दगुड बुळबुळीत, धरायला काय न्हाई.

मृण्मयी_गोडोली

बापरे. बरं दादा, भांबवलीला सासूबाईंना जमेल का?

कासपठारी

गाडी लावल्यावर रानातून चालायचंय. वाट केलेली हाय, काही ठिकाणी पायऱ्या, पण पावसात निसरडं. गुडघे दुखत असतील तर उतरताना जास्त त्रास व्हतो. हातात काठी द्या, आन घाई करू नका. न्हाई जमलं तर आईंना गावात घरी बसवा, चुलीपाशी. आमची आई दिवसभर बोलत बसंल, तुम्हाला परत आल्यावर दोघी मैत्रिणी झालेल्या दिसतील.

राजधानी_सातारा

वजराईची उंची १८४० फूट सांगतात, तीन टप्प्यात. उरमोडी नदीचं पाणी हे. भारतातला सगळ्यात उंच की नाही यावर इथं आधीच एक दोनशे प्रतिसादांचा धागा आहे त्यामुळे कृपया इथं सुरू करू नका, हात जोडतो.

पावसाळी_बेडूक

मेघालयवाले आलेच बघा आता 😄

राजधानी_सातारा

अरे नको म्हटलं ना.

डॉ_मिरज

जळवांचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. त्या पट्ट्यात पावसाळ्यात जळवा असतात, घाबरण्यासारखं काही नाही, पण शहरातली मुलं पायाला जळू बघून किंचाळतात आणि उपटून काढतात. उपटू नका. नखाने बाजूने सरकवून तोंडाकडची पकड सोडवायची, मग दुसरं टोक. नंतर बराच वेळ रक्त येत राहतं कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, स्वच्छ धुऊन दाबून धरलं की थांबतं. ज्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत (सासूबाईंना आहेत का बघा) त्यांनी जास्त काळजी घ्यावी. लांब मोजे, पँट मोज्यात खोचलेली, एवढं पुरतं.

कासपठारी

डॉक्टर, आमच्याकडं तंबाखू-चुना लावत्यात, लगेच पडती.

डॉ_मिरज

पडते हो, पण पडताना कधीकधी जखमेत ओकते, म्हणून नखाने काढलेली बरी. तंबाखू तुमच्या खिशातच राहू दे, खरं तर तीही नको.

शाहूपुरीच्या_काकू

जळवा झाल्या, आता जेवणाकडे वळा. दादा, जुलैमधे तुमच्याकडे घरात काय असतं ते सांगा, बसवाल्याच्या यादीसारखं नको.

कासपठारी

काकू, असं बगा. आखाडात गेला तर मुठे. ओढ्याचे काळे खेकडे. रात्री बत्ती घेऊन धरत्यात, पाऊस पडून उघडीप झाली की भायेर येत्यात. घरात बायका नांग्या मोडून बाजूला ठिवत्यात, बारीक पाय हायत ते पाट्यावर वाटून त्याचं पाणी गाळून घेत्यात, रश्शाला दाटपणा त्यानंच येतो, खोबरं कमी लागतंय. वर मसाला आपला घरचा. त्याच्याबर नाचणीची भाकरी न्हाईतर भात, दुसरं काय लागत न्हाई. श्रावण लागला की ते बंद, मग रानभाजी, आळू, पिठलं, खर्डा. रानभाजीत कुर्डू, भारंगी, करटुली, जे ज्या दिवशी गावंल ते. भारंगी कडू असती, उकडून पिळून घ्यायला लागती.

जेवणाचं आदल्या दिवशी सांगायला लागतंय. "आलो, वाढा" असं न्हाई चालत, बाया भाताच्या लावणीला गेलेल्या असत्यात.

अनघा_पुणे

तोंडाला पाणी सुटलं. आळू खाजतं का हो गावाकडचं?

शाहूपुरीच्या_काकू

चिंच किंवा चुका पडला पाहिजे त्यात, आणि शिजलं पाहिजे नीट. अर्धकच्चं ठेवलंत तर कुठल्याही गावचं खाजणारच. आणि एक, चालताना वाटेत अळंबी दिसली म्हणून पोरांनी उपटून आणू नये. घरातली जाणती बाई सांगेल ती खायची, बाकीची नाही.

भाकरीचं सांगते, कारण नागपूरच्या मुलांना ते बघायला आवडेल. नाचणीच्या पिठाला ज्वारीसारखा चिकटपणा नसतो. म्हणून पाणी उकळून त्यात पीठ घालून उकड काढतात, मग परातीत गरम गरम असतानाच मळायचं, हात भाजतो पण तेव्हाच मळलं तर भाकरी तुटत नाही. थापून तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची आणि मग तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्याला उभी लावायची. फुगली की कडेने वाफ सुटते. त्या वेळेला खायची. कॅसरोलमधे घातली की संपलीच ती. आणि खर्डा म्हणजे मिरची-लसूण-शेंगदाणे तव्यावर भाजून, मीठ घालून, त्याच तव्यात तांब्याच्या बुडाने रगडलेला. ओबडधोबड राहतो. मिक्सरला लावला की चटणी होते त्याची.

टेस्टिंगचं म्हणाल तर हे टेस्टिंग. एक भाकरी मुलीला थापायला लावा, मोडू दे.

कोरेगावचा_बाळ्या

घेवड्याचा उल्लेख झाला म्हणून छाती फुगवून गेलो. चालू द्या.

आयटी_वाला_हिंजवडी

माझं वेगळं मत. सगळे त्या ग्रुपवाल्यांना धुताय पण ज्याची गाडी नाही, ओळख नाही, त्याने काय करायचं? पुण्यातला नवीन आलेला पोरगा, त्याला कोण "कासपठारी" भेटणार. दोन हजारात येणं-जाणं, जेवण, सोबत, विशेषतः मुलींना एकटीने जायचं तर ग्रुप सेफ वाटतो. माझी बायको लग्नाआधी अशाच ग्रुपबरोबर सगळी सह्याद्री फिरली. सगळेच हॉलवर जेवायला नेत नाहीत.

अनघा_पुणे

हे बरोबर आहे. मी पण परत जाईन ग्रुपने, फक्त आधी चार प्रश्न विचारून. जेवण कुणाच्या घरी, किती जणांची बॅच, गाइड गावचा आहे का, रेड अलर्ट आला तर पैसे परत की दुसरी तारीख. ज्याने नीट उत्तर दिलं त्याच्याबरोबर.

भटक्या_सुन्या

रेड अलर्टचं महत्त्वाचं. अलर्ट असला की जिल्हा प्रशासन धबधब्यांवर बंदी घालतं, रस्त्यातच अडवतात. तेव्हा "आमची ओळख आहे, जाऊ आपण" म्हणणारा ऑर्गनायझर असेल तर तिथूनच उतरून एसटी पकडा.

आयटी_वाला_हिंजवडी

दादा एक विचारू का, ग्रुपवाले गावातल्या घराला ताटामागे किती देतात?

कासपठारी

आकडा न्हाई लिहीत, गावात भांडणं व्हतील 😀 पण तुम्ही भरता त्यातलं लय थोडं खाली येतंय. कवा कवा महिना-महिना येतच न्हाई, सीझन संपल्यावर फोन उचलत न्हाईत. त्यामुळं आता आमच्या आळीत बायकांनी ठरवलंय, जेवण झालं की पैसे हातात, रोख. रेंज न्हाई त्यामुळं फोनवरनं पैसे जात न्हाईत, पाहुणा म्हणतो साताऱ्यात गेल्यावर पाठवतो आन इसरतो. मुद्दाम न्हाई इसरत, पण इसरतो.

शाहूपुरीच्या_काकू

शाब्बास बायकांनो.

पावसाळी_बेडूक

कासची फुलं बघायला मिळतील का जुलैत? जाहिरातीत फुलांचा फोटो आहे म्हणे.

राजधानी_सातारा

नाही. फुलांचा खरा बहर ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरभर, ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. जुलैत कासला धुकं, वारा आणि मक्याचं कणीस. छत्री नेऊ नका, सड्यावर उलटी होते, रेनकोटच घ्या. फुलांसाठी यायचं तर वेगळा दिवस काढा, आधी ऑनलाइन बुकिंग करा, शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी. आणि तेव्हा वजराईलाही पाणी असतं, शिवाय वाट जुलैपेक्षा बरी. खरं विचाराल तर सप्टेंबरच उत्तम, पण नणंदेची सुट्टी जुलैत असेल तर काय करणार.

मृण्मयी_गोडोली

नणंदेची सुट्टी जुलैतच. आणि मुठे ऐकून तिचे मिस्टर आता आखाडच म्हणतायत, गटारीच्या आधी.

सगळं वाचून असं ठरवलंय: बस रद्द. दोन गाड्या आपल्याच, पहाटे निघायचं, यवतेश्वरमार्गे वर, कासला न थांबता थेट भांबवली, गर्दीच्या आधी धबधबा बघून घ्यायचा, मग गावात जेवण, दुपारी परतताना तलावापाशी थोडं. ठोसेघर दुसऱ्या दिवशी. सासूबाई म्हणाल्या मला सज्जनगडला जायचंच आहे, तर त्या रस्त्याला समाधीचं दर्शन, दुपारचा महाप्रसाद आणि मग ठोसेघर असं. दोन दिवस गेले तर गेले.

राजधानी_सातारा

एकदम करेक्ट. सज्जनगडला पायऱ्या आहेत हे विसरू नका, पण सावकाश जमतं. महाप्रसादाची वेळ आधी विचारून घ्या.

अनघा_पुणे

पेढे राहिले की!

कोरेगावचा_बाळ्या

पेढे परत जायच्या दिवशी घ्या, ताजे. कंदी पेढ्याचा खवा चांगला खरपूस भाजलेला असतो आणि साखर बेताची, त्यामुळे नागपूरपर्यंत प्रवासात टिकतो. पण शनिवारी संध्याकाळी राजपथावर गाडी लावायला जाऊ नका, जागा मिळणार नाही, लांब लावा आणि चालत या. आणि एका दुकानातून घेऊ नका, दोन-तीन ठिकाणचा पाव-पाव किलो घ्या आणि घरी भांडा कुठला चांगला. आमच्यात दिवाळीला हेच चालतं, सासऱ्यांचं दुकान वेगळं, माझं वेगळं.

आयटी_वाला_हिंजवडी

कोणतं दुकान तुमचं?

कोरेगावचा_बाळ्या

ते इथं लिहिलं तर धागा पन्नास पानांचा होईल.

मृण्मयी_गोडोली

कासपठारी दादा, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आम्ही आठ जण, त्यात एक पूर्ण शाकाहारी (सासूबाई), त्यांच्यासाठी पिठलं-भाकरी चालेल. रोख आणतेय.

कासपठारी

मिळाला निरोप. आईंना पिठलं आन भारंगी करू. मुठ्यांचं मात्र शब्द देत न्हाई, पाऊस उघडला तर गावतील, न्हाईतर कोंबडा. पोरांना सांगा पांढरे बूट घालून येऊ नका, आन बुटाचा तळ झिजलेला नको.

मृण्मयी_गोडोली

सांगते. अजून एक, नणंदेच्या मिस्टरांनी विचारलंय की खर्डा जरा कमी तिखट करता येईल का.

कृष्णाकाठ

नागपूरचे ना ते?? सावजी खाणारे?

मृण्मयी_गोडोली

मूळचे पुण्याचे, सदाशिव पेठ.

कासपठारी

मग गूळ घालू थोडा.

अनघा_पुणे

निषेध!!! 😂